आवाक्यातला सूर

वाद्याची किंमत आणि वाद्याची योग्यता या दोन गोष्टी एकच आहेत, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. महाग वाद्य ते चांगले, स्वस्त वाद्य शिकाऊ मुलांसाठी, आणि शिकाऊ मुलांना काय, कसेही वाद्य चालते, अशी त्या समजाची साखळी आहे. तिची एकही कडी आम्हांला मान्य नाही. या स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीविषयी, गुरुजनांविषयी, वसतिगृहातल्या दिवसांविषयी अनेकजण लिहितील, आणि ते लिहिलेच पाहिजे. आम्ही मात्र एका वाद्याविषयी लिहिणार आहोत. दहा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारी, प्लायच्या फळ्यांची, कोणत्याही शहरातल्या वाद्यांच्या दुकानात भिंतीला टांगलेली दिसावी अशी ती एक साधी ॲकॉस्टिक गिटार आहे. तिच्यावर आमचा जीव जडला आहे हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणत्या बाजूचे आहे याविषयी वाचकांच्या मनात शंका राहणार नाही.

आम्ही म्हणजे याच वसतिगृहात राहून शिकून गेलेले चार-पाच माजी विद्यार्थी. आमच्यात कोणी व्यावसायिक वादक नाही. कोणी बँकेत आहे, कोणी शिक्षक, कोणी वीज मंडळात. गेली काही वर्षे महिन्यातून दोन रविवार आम्ही शाळेत येतो आणि इच्छा असेल त्या मुलामुलींना गिटार शिकवतो. या रविवारांनी आम्हांला जे दाखवले, त्यातून आमचे हे मत तयार झाले आहे.

प्रथम देणगीतून आलेल्या तीन गिटारी होत्या. त्या दिसायला झकपक होत्या. काळ्याभोर, चकचकीत, कडेला पांढरी पट्टी. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. परंतु त्यांच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या, की तार दाबायची म्हणजे बोटाने जणू खिळा ठोकायचा. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यातले अंतर आम्ही मोजपट्टीने मोजले तेव्हा ते पाच मिलिमीटरांच्या आसपास भरले. चांगल्या गिटारीत ते जाड तारेखाली साधारण अडीच आणि बारीक तारेखाली साधारण दोन मिलिमीटर असते. दुप्पट उंचीवरून तार खाली आणताना ती अधिक ताणली जाते, त्यामुळे स्वरही चढतो. म्हणजे मूल बोट दुखवून घेते, आणि बदल्यात त्याला बेसूर आवाज मिळतो. सातवीतली एक मुलगी तीन रविवार आली आणि चौथ्या रविवारी आली नाही. विचारल्यावर तिने खाली मान घालून सांगितले, "माझ्या हातात संगीत नाही, दादा."

हे वाक्य आम्हांला फार गंभीर वाटते. त्या मुलीच्या हातात काहीही उणे नव्हते. उणीव वाद्यात होती. परंतु पहिल्यांदाच गिटार हाती घेणाऱ्या मुलाला हे कळावे कसे? त्याच्यापाशी तुलना करायला दुसरे वाद्य नसते. वाद्य वाईट आहे हे ओळखायला आधी चांगले वाद्य हातात यावे लागते. शहरातल्या सुस्थित घरातल्या मुलाचा मामा किंवा शिक्षक सांगतो, की अरे, ही गिटार बदलून घे. आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना असे सांगणारा कोणी नसतो, म्हणून ते मूल दोष स्वतःच्या माथी घेते. वाद्याचा दोष आपल्या कुवतीचा दोष मानून मूल परत फिरते आणि ही गोष्ट आयुष्यभर खरी धरून चालते. "आमच्यात ते नाही" असे म्हणायची सवय लागायला एवढे निमित्त पुरते. या लेखाचा खरा विषय हा आहे. गिटार हे त्याचे निमित्त.

पुढे आम्ही वर्गणी काढून एक गिटार घेतली. यामाहा कंपनीची एफ ३१० या नावाची. कोणत्याही कंपनीची जाहिरात करण्याचा आमचा हेतू नाही. याच तोलामोलाच्या इतर गिटारीही बाजारात आहेत. परंतु प्रेम कोणावर बसले हे सांगताना नाव लपवणे बरे दिसत नाही. या गिटारीत दिखाऊ असे काही नाही. वरची फळी फिक्या पिवळसर रंगाची, स्प्रूसच्या प्लायची. मागची फळी आणि बाजू तपकिरी लाकडाच्या. ध्वनिरंध्राभोवती साधी वर्तुळे. तारेची बोलती लांबी ६३४ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण आकाराच्या पुष्कळ गिटारींची जी सुमारे ६५० असते तिच्यापेक्षा किंचित कमी. हा किंचित फरक लहान हातांना मोठा वाटतो. पडदे थोडे जवळ येतात आणि त्याच स्वराला तारेचा ताणही थोडा कमी लागतो.

आणि आवाज! या किमतीत आम्हांला त्याची अपेक्षाच नव्हती. ई मायनर ही कॉर्ड दोन बोटांची, नवशिक्याला पहिल्या दिवशी जमते. ती धरून सहाही तारांवरून अंगठा ओढला की जाड तारेचा खर्ज आधी येतो, मग एकेक तार त्यात मिसळत जाते, आणि शेवटची बारीक तार त्या सर्वांवर स्वच्छ, किंचित धातूचा स्पर्श असलेली, थांबून राहते. गिटारीची पाठ छातीशी टेकलेली असते, म्हणून हा नाद कानांआधी छातीला कळतो. सायंकाळी वसतिगृहाच्या ओसरीवर ती वाजू लागली की भांडी विसळणारी मुले हात थांबवून पाहतात. महागड्या गिटारीत याहून पुष्कळ अधिक असते हे आम्ही जाणतो. तिचा नाद अधिक काळ टिकतो, हळू वाजवले आणि जोरात वाजवले यांत ती अधिक छटा दाखवते, तिचे खालचे स्वर अधिक भरदार असतात. परंतु या साध्या गिटारीत जे आहे ते खरे आहे. सूर सच्चा आहे, तार हाताला लागत नाही, आणि शिकणाऱ्याने जेवढे घातले तेवढे ती परत देते. आणखी काय हवे?

ती सातवीतली मुलगी पुन्हा आली. आता ती नववीत आहे आणि बोटे आडवी टाकून धरायची एफ कॉर्ड, जिथे जगभरचे नवशिके अडखळतात, ती नीट वाजवते.

स्वस्त वाद्यातून असा आवाज कसा येतो, याचा विचार केला तर वाद्यांच्या इतिहासाने त्याचे उत्तर फार पूर्वीच दिलेले आहे. आजच्या गिटारीला तिचे रूप देणारा स्पेनमधील कारागीर अंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) हा मूळचा सुतार. गिटारीचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, असे त्याचे मत होते. आपल्या मिरजेचे सतारमेकर जिला तबली म्हणतात, तीच ही फळी. हे मत सिद्ध करण्यासाठी १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली. तिची तबली उत्तम लाकडाची, आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या, कागदाच्या लगद्याच्या! ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे. बोलते ते तबली आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांची रचना. बाकीचे लाकूड आधार देते, शोभा देते आणि किंमत वाढवते.

तोरेसच्या या प्रयोगाला आधुनिक विज्ञानाची जोडही मिळाली आहे. इंग्लंडमधील लँकॅस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका नामवंत कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. रचना एकसारखी, फक्त पाठ आणि बाजू यांचे लाकूड वेगवेगळे. त्यांत दुर्मीळ आणि अतिमहाग ब्राझिली रोजवूड होते, आपले शिसव होते, महोगनी, मेपल, अक्रोड आणि स्वस्तातले सपेलेही होते. ५२ वादकांना मंद उजेडात, वेल्डर वापरतात तसला काळा चष्मा लावून, त्या वाजवायला दिल्या. डोळ्यांना लाकूड दिसत नाही म्हटल्यावर महाग-स्वस्त हा भेदही जवळजवळ नाहीसा झाला. सहाही गिटारींना वादकांनी सारखीच पसंती दिली. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील टेलर गिटार्स या कंपनीचे संस्थापक बॉब टेलर यांनी तर १९९५ मध्ये मालवाहतुकीच्या टाकाऊ पॅलेटच्या फळ्यांतून गिटार करून प्रदर्शनात मांडली. कुशल हात आणि योग्य रचना असेल तर टाकाऊ लाकूडही गाते, हे त्यांना दाखवायचे होते.

यातून सगळ्या गिटारी सारख्याच, असा अर्थ कोणी काढू नये. तबलीचे लाकूड अखंड आहे की प्लायचे, याने आवाजात फरक पडतो. अखंड लाकडाची तबली अधिक मोकळेपणाने थरथरते. २०१६ साली आलेल्या यामाहाच्या एफजी ८०० या गिटारीत अखंड स्प्रूसची तबली आहे आणि तिची किंमत एफ ३१० च्या साधारण दुप्पट पडते. ज्याला परवडेल त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु वसतिगृहासाठी प्लायचा एक गुण आम्हांला फार मोलाचा वाटतो. अखंड लाकडाला हवेतला दमटपणा साधारण ४५ ते ५५ टक्के असलेला मानवतो. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की ते आकसून तडकू शकते आणि पावसाळ्यात फुगते. एकमेकांना आडवे चिकटवलेले प्लायचे थर हा त्रास पुष्कळ सोसतात. मुलांच्या हातून पडणे, झडणे, उन्हात राहणे, हेही ते अधिक सोसतात. जे वाद्य मुलांच्या हाती बिनधास्त देता येते तेच मुलांचे वाद्य.

ज्या कंपनीच्या गिटारीविषयी आम्ही बोलत आहोत तिची सुरुवातच एका शाळेत झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १८८७ मध्ये जपानमधील हमामात्सू येथील एका प्राथमिक शाळेतला परदेशातून आणलेला रीड ऑर्गन बिघडला. हा ऑर्गन म्हणजे आपल्या पायपेटीची नातलगच. गावात तो दुरुस्त करील असा कोणी नव्हता. तेव्हा तोराकुसु यामाहा या वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावले. त्याने ऑर्गन उघडला, दुरुस्त केला, आतल्या रचनेचे आराखडे काढले, आणि हे वाद्य आपल्याकडे स्वस्तात करता येईल असे त्याच्या मनाने घेतले. एका सोबत्याच्या मदतीने त्याने स्वतःचा ऑर्गन तयार केला आणि दोघांनी तो कावडीसारखा खांद्यावर घेऊन, हाकोनेचा घाट ओलांडून, सुमारे २५० किलोमीटरवरच्या तोक्योला संगीत संस्थेत परीक्षेसाठी नेला. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितले, की बांधणी ठीक आहे, पण सूर चुकले आहेत. यामाहा परतला नाही. तिथेच महिनाभर राहून त्याने स्वरशास्त्र शिकून घेतले, आणि दुसरा ऑर्गन निर्दोष केला.

पुढे याच कंपनीने १९६६ मध्ये एफजी ही गिटारींची मालिका सुरू केली. त्यातला एफ फोकचा आणि जी गिटारचा, म्हणजे लोकगीतांची गिटार. त्या काळी अमेरिकन गिटारी सामान्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. जपानमधल्या आणि नंतर जगभरच्या तरुणांच्या हाती ही स्वस्त गिटार आली. १९६९ मध्ये अमेरिकेत वुडस्टॉकच्या विशाल संगीत मेळाव्यात कंट्री जो मॅकडोनाल्ड या गायकाने लाखोंच्या समुदायापुढे व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे गाणे गायले, तेव्हा त्याच्या हातात याच मालिकेतली साधी गिटार होती. गाण्याला जे सांगायचे होते त्यात वाद्याच्या किमतीने काहीही कमी पडले नाही.

आपल्या परंपरेलाही हे नवीन नाही. आपल्या शाहिरांनी आणि जलशांनी गावोगाव जे विचार पोचवले ते डफ, ढोलकी, तुणतुणे आणि पेटी यांच्या साथीने. ही सगळी उचलून नेता येणारी, गावात दुरुस्त होणारी, खिशाला झेपणारी वाद्ये. तेव्हा गिटार हे परके वाद्य आहे, आपल्या मुलांना ते कशाला, हा जो आक्षेप काही पालक घेतात, त्यांना आम्ही आदरपूर्वक पेटीची आठवण करून देऊ. हार्मोनियम युरोपात जन्मली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने तिचे पेटंट घेतले, आणि कोलकात्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असे हातपेटीचे रूप दिले. तिचे स्वर आपल्या रागसंगीताला मानवत नाहीत म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती. आज भजन, कव्वाली, लावणी, भीमगीत यांपैकी काय पेटीवाचून उभे राहते? लोकांनी तिला आपले म्हटले आणि ती आपली झाली. गिटारीचीही तीच वाट आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी ती मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूरसोबत आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसोबत त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात तरफेच्या तारा घालून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला. आपल्या मुलांनी तिच्यावर आपल्या घरची, वस्तीवरची गाणी वाजवली तर ती परकी कशी राहील?

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. दहावीच्या वर्षी गिटार कशाला, असे पालक विचारतात. त्यांची काळजी आम्हांला कळते. आमच्याही घरी हेच विचारले जात असे. परंतु गिटार हे विज्ञानाच्या वर्गात नेण्याजोगे साधन आहे, हेही त्यांनी पाहावे. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आणि सर्वांत बारीक तार सुमारे ३३०, म्हणजे जवळजवळ चौपट. ६३४ मिलिमीटरच्या तारेवर बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३१७ मिलिमीटरवर येतो, आणि तिथे दाबले की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. पडद्यांमधली अंतरे सारखी नसतात. पहिला पडदा सुमारे ३५.६ मिलिमीटरवर, आणि पुढे प्रत्येक अंतर ठरावीक गुणोत्तराने आखडत जाते. हे मोजपट्टीने मोजून पाहिलेल्या मुलाला गुणोत्तर श्रेढी वेगळी शिकवावी लागत नाही. सहा तारा मिळून त्या पातळ फळीवर सुमारे ७० किलोचा ताण देतात, हे कळल्यावर मुले गिटारीकडे वेगळ्याच आदराने पाहू लागतात.

या ताणावरून सोणाची कथा आठवणे आपल्या वाचकांना साहजिक वाटेल. तार फार ताणली तर तुटते, फार सैल सोडली तर बोलत नाही, हे वीणा वाजवून पाहिलेल्या त्या तरुण भिक्खूला भगवान बुद्धांनी त्याच्याच अनुभवाच्या भाषेत सांगितले. ही कथा प्रवचनांतून आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु सोणाला ती पटली, कारण तारेचा ताण त्याच्या बोटांना ठाऊक होता. आपल्या मुलांच्या बोटांनाही तो ठाऊक व्हावा असे आम्हांला वाटते. गिटार सुरात लावताना खुंटी किती पिळावी आणि कुठे थांबावे, हे मूल जेव्हा स्वतः शिकते, तेव्हा त्या कथेचा अर्थ त्याला निराळा सांगावा लागत नाही.

आता व्यवहाराचे बोलू. गिटार विकत घेताना काय पाहावे, हे माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावे म्हणून थोडक्यात नोंदवतो. तार बाराव्या पडद्यावर किती उंच आहे ते आधी मोजावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवून पाहावी. कुठे खरखर येते का ते ऐकावे. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून ती पिळलेली तर नाही ना, हे पाहावे. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तीच तार दाबून निघणारा स्वर जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर ती गिटार वरच्या पडद्यांवर कधीच सुरात वाजणार नाही. रंग, चकाकी, दांडीवरची नक्षी यांना भुलू नये. अडीच-तीन हजारांची चकचकीत गिटार घेऊन मुलाला निराश करण्यापेक्षा आणखी काही महिने थांबून पैसे साठवलेले बरे.

घेतलेली गिटार हाताला सुखाची करून घेणे हे दुसरे काम, आणि ते अवघड नाही. तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी, जिला सॅडल म्हणतात, ती खालच्या बाजूने सँडपेपरवर सपाट घासली तर तारा खाली येतात. ती एक मिलिमीटर घासली की बाराव्या पडद्यावर तार अर्धा मिलिमीटर उतरते, हे गणित ध्यानात ठेवून थोडे थोडे घासावे. दांडीच्या आतल्या लोखंडी सळईला एलन कीने पाव फेरा देऊन दांडीचा बाक कमीजास्त करता येतो. हे काम मात्र आधी जाणकाराकडून शिकून घ्यावे. देणगीतल्या त्या तीनपैकी दोन गिटारी आम्ही अशाच सुधारून घेतल्या आणि त्या आज वापरात आहेत. तिसरीची दांडी पिळलेली होती. ती आता मुलांना आतली रचना दाखवण्याच्या कामी येते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेला काय द्यावे, याचा विचार अनेक माजी विद्यार्थी करीत असतील. कपाटे, पंखे, नामफलक हे सगळे आवश्यकच आहे. त्यांच्या जोडीला आमची एक विनंती आहे. शाळेत पाच चांगल्या, साध्या गिटारी असाव्यात. त्यांतल्या दोन पाचवी-सहावीच्या मुलांच्या हातांना पेलतील अशा लहान आकाराच्या. याला साठ हजारांहून अधिक खर्च येऊ नये. लाखभराची एकच गिटार कोणी देऊ केली तर आम्ही ती नम्रपणे नाकारू आणि त्याच पैशांत अशा आठ-दहा मागू. त्याचबरोबर वर्षाकाठी पाच हजारांचा एक छोटा निधी तारांसाठी राखून ठेवावा. तारा घामाने गंजतात, त्यांचा आवाज मरतो, आणि जुन्या तारांची चांगली गिटारही रडकी वाजते. पाचशे रुपयांच्या नव्या तारांनी तीच गिटार पुन्हा तरुण होते. देणगीत आलेले वाद्य बहुधा तुटलेल्या तारेपाशी येऊन थांबते, कारण देणगीत तार बदलण्याची तरतूद नसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, या गिटारी कुलूपबंद कपाटात ठेवू नयेत. शाळांमधली वाद्ये स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात बाहेर निघतात आणि मग वर्षभर धूळ खातात, हे चित्र सर्वत्र दिसते. वाद्य मोडेल या भीतीने ते मुलांपासून लांब ठेवायचे असेल तर ते घेतले कशाला? स्वस्त आणि मजबूत वाद्य निवडण्याचा मुख्य लाभ हाच, की ते भिंतीवरच्या खुंटीला उघड्यावर टांगता येते. मुलींच्या वसतिगृहातही ते तितकेच टांगलेले असावे. वापरून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे, सुरात लावून ठेवणे, तुटलेली तार बदलणे ही कामे मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावीत. एखादी गिटार मोडेलही. मोडू द्यावी. शाळेच्या मैदानातला चेंडू फाटतो म्हणून आपण खेळ बंद करीत नाही.

आपल्या शाळेतून बाहेर पडणारी सगळीच मुले वादक होणार नाहीत, व्हावीत असेही नाही. आमच्यापैकी तरी कोण झाले? परंतु दिवसभराच्या कामानंतर घरी येऊन आपल्याच हाताने चार कॉर्ड वाजवाव्यात आणि मुलाबाळांसह एखादे गाणे म्हणावे, हे सुख पगाराच्या आकड्यावर अवलंबून नसते. ते मिळवण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. हे सुख आपल्या घरांतून फार काळ दूर राहिले, आणि त्याचे कारण आपल्या हातांत शोधायचे नाही, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे. वाद्य निवडण्याचे, तपासण्याचे आणि तारा खाली आणून देण्याचे काम आम्ही विनामोबदला करू. ज्यांच्या घरी जुनी, न वाजणारी गिटार पडून असेल त्यांनी तीही आणावी. रविवारी सकाळी दहाला आम्ही ओसरीवर सँडपेपर आणि मोजपट्टी घेऊन बसलेलो असतो.